दोन धरणांमधले लुआंग प्रबांग

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या माणसाला परदेशी जायचे तर मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचे. देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद, शमशाबादहून विमानाने बँकॉक, आणि तिथून पंख्यांच्या लहान विमानाने दोन तासांच्या आत लुआंग प्रबांग. प्रवास एवढा सरळ असला तरी निघण्याआधी ज्याला त्याला लाओस कुठे आहे हे समजावून सांगण्यात आमचे दिवस गेले. थायलंडच्या पूर्वेला, व्हिएतनामच्या पश्चिमेला, वर चीन, खाली कंबोडिया, एका कोपऱ्यात म्यानमार आणि समुद्र कुठूनच नाही. ‘थायलंडला चाललोय’ म्हटले असते तर एका वाक्यात काम झाले असते. पण ते ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर जे हसू येते ते आमच्या वयाला परवडणारे नव्हते.

जागा निवडली ह्यांनी. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उभा जन्म गोदावरीचे पाणी मोजण्यात गेलेला. समुद्र ह्यांना आवडत नाही. ‘तिथे पातळी बघून करायचे काय?’ असे म्हणतात. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे, त्यामुळे मला जुने गाव हवे होते. जुने गाव आणि नदी, शिवाय गर्दी बेताची, खर्च आवाक्यातला, या सगळ्या अटींत बसणारे लुआंग प्रबांग निघाले. जेमतेम आठवडाभराचा मुक्काम. तेवढ्यात देश कळत नाही, पण एक गाव पायी पालथे घालता येते.

लाओसचा व्हिसा भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर मिळतो. आधी ई-व्हिसाही काढता येतो. घड्याळ दीड तास पुढे करायचे. शंभर डॉलर मोडले तेव्हा हातात वीस लाखांच्या वर किप आले आणि हे काही क्षण त्या गड्डीकडे बघतच राहिले. पुढे एका चहाला वीस हजार द्यायची सवय झाली तरी मनातल्या मनात अडीचशेने भागण्याची सवय काही सुटली नाही.

आता गावाची रचना. मेकाँग तिबेटच्या पठारावरून निघते आणि सहा देशांना शिवत चार हजारांहून अधिक किलोमीटर वाहून व्हिएतनाममध्ये समुद्राला मिळते. लुआंग प्रबांगला नाम खान नावाची लहान नदी तिला येऊन मिळते, पण मिळण्याआधी गावाला लांब वळसा घालते. त्यामुळे दोन नद्यांच्या मधोमध एक लांबट, निमुळता जमिनीचा पट्टा तयार झाला आहे आणि जुने गाव सगळे त्या पट्ट्यावर. एक मुख्य रस्ता, त्याला काटकोनात नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या, आणि मध्येच फू सी नावाची शंभरेक मीटर उंचीची टेकडी. तीनशेहून अधिक पायऱ्या चढून वर गेले की १८०४ सालचा सोनेरी स्तूप आहे. संध्याकाळी तिथे सूर्यास्त बघायला इतकी माणसे जमतात की सूर्यापेक्षा मोबाईलच जास्त दिसतात. सकाळी जा. जानेवारीत नऊपर्यंत खाली नुसते धुके असते, दोन्ही नद्या त्यात बुडालेल्या, आणि धुके विरळ होत गेले की आधी देवळांची छपरे वर येतात, मग नारळाचे शेंडे, मग शेवटी पाणी.

हे पूर्वी राजधानीचे गाव. १३५३ मध्ये फा न्गुम नावाच्या राजाने लान सांग, म्हणजे दहा लाख हत्तींचे राज्य, उभे केले ते इथूनच. हा राजा वाढला अंगकोरच्या ख्मेर दरबारात, आणि त्याच्याबरोबर तिकडचा थेरवाद बौद्ध धर्म आणि ‘प्रबांग’ ही बुद्धाची उभी मूर्ती इकडे आली असे मानतात. मूर्ती आहे ८३ सेंटिमीटरची, पण गावाला नाव तिचे. १५६० च्या सुमारास राजा सेत्थाथिरातने बर्मी सैन्याच्या धास्तीने राजधानी दक्षिणेला व्हिएन्तियानला नेली आणि मूर्ती मागे ठेवली. पुढे सयामी सैन्याने ती दोनदा उचलून नेली आणि दोनदा परतही आली. १८८७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांनी गाव जाळले, फ्रेंचांच्या माणसाने म्हाताऱ्या राजाला वाचवले, आणि त्या उपकाराची किंमत म्हणून १८९३ मध्ये देश फ्रेंचांच्या ‘संरक्षणा’खाली गेला. संरक्षणाचा हा प्रकार आम्हा निजामाच्या मुलखातल्या लोकांना नव्याने समजावून द्यायची गरज नाही. १९०४ पासून मेकाँगच्या काठावर राजवाडा बांधायला सुरुवात झाली. तो आता संग्रहालय आहे. १९७५ मध्ये राजेशाही संपली. शेवटचा राजा सवांग वत्थना पुढे डोंगरातल्या पुनर्शिक्षणाच्या छावणीत नेला गेला तो परतलाच नाही. राजवाड्यात त्याच्या झोपण्याच्या खोल्या आहेत, देशोदेशींच्या भेटी आहेत, पण त्याच्या शेवटाबद्दल एक ओळ नाही. मी शोधून शोधून थकले.

१९९५ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा म्हटले. कारण असे की इथे लाओ पद्धतीची लाकूड-बांबूची घरे आणि फ्रेंचांच्या काळातली विटांची, खिडक्यांना झडपा असलेली घरे एकमेकांत मिसळून गेली आहेत आणि मधेमधे तीसहून अधिक विहार आहेत. तेव्हापासून जुन्या भागात उंच इमारत बांधता येत नाही, मोठ्या बस आत येत नाहीत. पायी फिरणाऱ्यांना हे फार बरे. हॉर्न असा ऐकूच आला नाही. धर्माबादच्या मोंढ्याजवळ राहणाऱ्या बाईला याचे अप्रूप किती वाटले असेल ते तुम्हीच समजून घ्या.

लुआंग प्रबांगची प्रसिद्धी पहाटेच्या भिक्षेची. साडेपाचच्या सुमारास विहारांचे ढोल वाजतात आणि अनवाणी, भगव्या चीवरातले भिक्खू रांगेने बाहेर पडतात. पुढे वडीलधारे, मागे दहा-बारा वर्षांचे श्रामणेर. खांद्याला झाकणाचे पात्र लटकलेले. रस्त्याच्या कडेला गावातल्या बाया चटईवर गुडघे टेकून बसतात, समोर वेताच्या करंडीत वाफेचा चिकट भात. प्रत्येकाच्या पात्रात चिमूट-दोन चिमूट. कोणी बोलत नाही. आम्ही राहायचो त्या घराच्या मालकीणबाईंनी मला आदल्या रात्री खुणांनी आणि फोनवरच्या भाषांतराने बजावले होते : रस्त्यावर विकायला येणारा भात घेऊ नको, खांदे झाक, त्यांच्यापेक्षा उंच बसू नको, आणि अंगाला स्पर्श होऊ देऊ नको. त्यांनी स्वतः शिजवलेल्या भातातला वाटा मला दिला. भात फार गरम होता, बोटांना चिकटत होता, आणि रांग एवढ्या वेगाने सरकते की एक घास काढेपर्यंत तीन पात्रे पुढे निघून जातात. बाई डाव्या हाताने करंडी धरून उजव्या हाताने न बघता घास तोडत होत्या, सगळे घास एका मापाचे.

रांगेच्या शेवटी जे दिसले ते छायाचित्रांत सहसा नसते. तिथे काही गरीब मुले रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेली होती. श्रामणेर जवळ आले की आपल्या पात्रातला भात, केळी, बिस्किटे काढून त्यांच्या टोपलीत टाकत पुढे जात. घेणारा तिथल्या तिथे देणारा होतो. श्रामणेरही काही सुखवस्तू घरचे नसतात. डोंगरातल्या गरीब कुटुंबांतली मुले शिकायला म्हणून विहारात येतात, काही वर्षे राहतात, शिकतात आणि बरेच जण पुन्हा संसारात जातात. माझे सासरे नांदेडला वार लावून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. ह्यांनी त्या रांगेकडे बघत फक्त एवढेच म्हटले, ‘‘दादांना हे दाखवायला पाहिजे होतं.’’

वाईट वाटते ते पर्यटकांचे. जागोजागी फलक आहेत की अंतर ठेवा, फ्लॅश मारू नका. तरी लोक भिक्खूंच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर कॅमेरा धरतात. यात आपले भारतीयही आले. आणि याहून खोल एक अडचण आहे. वारसा झाला, घरांचे भाव वाढले, जुन्या भागातल्या कुटुंबांनी घरे गेस्ट हाउस आणि हॉटेलांना भाड्याने दिली आणि ती गावाबाहेर राहायला गेली. आमच्या मालकीणबाईही त्यातल्याच. पहाटे चारला स्कूटरवरून भाताची करंडी घेऊन यायच्या. विहार जागच्या जागी आहेत, त्यांना जेवू घालणारे शेजार मात्र उठून गेले आहेत. भिंती जपायचे नियम करता येतात, शेजार जपायचा नियम कोणी केलेला नाही.

विहारांमध्ये एकच बघायचा तर वाट शियेंग थोंग. सेत्थाथिरातनेच राजधानी हलवण्याच्या सुमारास, १५५९-६० मध्ये, दोन नद्यांच्या संगमाजवळ तो बांधला. छप्पर एकावर एक उतरत इतके खाली येते की कडेला उभे राहिले तर हात पुरतो. मागच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांचे मोठे झाड. आवारात एक तांबड्या भिंतींचे छोटे मंदिर आहे. त्यावरही रंगीत काचांची चित्रे, पण देवादिकांची नाहीत. शेत नांगरणारा, मासे पकडणारा, ओझे वाहणारी बाई, भांडण, शिकार. बुद्धाच्या परिनिर्वाणाला २५०० वर्षे झाली म्हणून १९५७ मध्ये ती केली गेली. हे वाचले आणि मी थबकले. त्याच अडीच हजाराव्या वर्षाच्या निमित्ताने सगळ्या बौद्ध जगात सोहळे चालू असताना १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली होती. तिकडे एका राजाच्या विहारावर गावकऱ्यांची चित्रे चढत होती आणि इकडे गावकुसाबाहेरची माणसे धर्मच बदलत होती.

त्याच आवारात राजाच्या अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली इमारत आहे. रथ सोनेरी, अनेक फण्यांच्या नागांचा. इमारतीच्या दर्शनी भागावर लाकडात कोरलेले प्रसंग बघताना हे म्हणाले, ‘‘अगं, हा तर मारुती.’’ खरेच होता. लाओ लोकांचे रामायण आहे, त्याचे नाव ‘फ्रा लाक फ्रा लाम’. लक्ष्मणाचे नाव आधी आणि रामाचे नंतर. राजवाड्याच्या आवारातल्या नाट्यगृहात त्याचे प्रयोगही होतात.

संध्याकाळी सहाच्या सुमारास कुठल्याही विहारात जाऊन मागे गप बसावे, कोणी हटकत नाही. मुलांचा सूर लागतो आणि पाली सुरू होते. ठेका वेगळा, उच्चार वेगळे, पण त्रिशरण कानावर पडले की लगेच ओळखू येते. धर्माबादला आमच्या मागच्या गल्लीत विहार आहे, माझ्या कितीतरी विद्यार्थिनींच्या घरी ते रोज म्हटले जाते. परक्या मुलखात आपल्या शेजारच्या घरातले शब्द ऐकू येतात तेव्हा तो मुलूख परका राहत नाही. आणखी एक गंमत : लाओ लोकांचे नवे वर्ष एप्रिलच्या मध्यावर, साधारण १४ तारखेला सुरू होते. तेव्हा प्रबांगची मूर्ती मिरवणुकीने आणून तिला पाण्याने स्नान घालतात आणि सगळे गाव एकमेकांवर पाणी उडवते. त्याच दिवशी आपल्याकडे भीमजयंतीच्या मिरवणुका निघालेल्या असतात.

खाण्याचे सांगते, कारण निघताना मैत्रिणींची खरी काळजी तीच होती. शाकाहारी माणूस लुआंग प्रबांगला उपाशी राहत नाही, पण त्याला विचारून खावे लागते. पडाएक नावाची आंबवलेल्या माशांची चटणी पुष्कळ पदार्थांत असते, पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा. मी सकाळच्या बाजारात रमले. एका बाईने कोळशावर वांगी, लसूण आणि मिरच्या भाजायला ठेवल्या होत्या. साल काळी झाल्यावर सोलून उंच मातीच्या खलात घातले, लाकडी बत्त्याने कुटले, वरून कोथिंबीर आणि मीठ. चिकट भाताचा गोळा करून त्यात बुडवून खायचे. तेल नाही, फोडणी नाही. मी तिथेच उभ्याने दोनदा घेतले.

मिरचीबद्दल मात्र मला मत आहे, कारण माहेर मिरचीच्या व्यापारातले आणि धर्माबादची ओळखच लाल मिरची. तिथली प्रसिद्ध चटणी ‘जेओ बोंग’. वाळवलेली मिरची, लसूण, गलंगल नावाचे आल्याच्या जातीचे मूळ, आणि त्यात म्हशीच्या कातड्याचे बारीक तुकडे. कातड्याशिवायचीही मिळते. ती गोडसर असते, चिकट असते, आणि तिखटाचा झटका उशिरा येतो. चव चांगली, पण मिरचीचा रंग खराब, जास्त उन्हात पडलेली. दुकानदारीणबाईला हे सांगण्याइतकी भाषा येत नव्हती हे बरेच झाले. याखेरीज नदीतल्या खडकांवरचे हिरवे शेवाळ काढून, धुऊन, पातळ थापून, वर तीळ आणि टोमॅटोच्या चकत्या लावून वाळवतात आणि तळून खातात. त्याला कायपेन म्हणतात. कुरकुरीत, किंचित खारट. ते शेवाळ स्वच्छ, उथळ, वाहत्या पाण्यातच येते, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

रात्रीच्या बाजारात ॲल्युमिनियमचे चमचे, किल्लीच्या साखळ्या, बांगड्या विकायला असतात. खाली पाटी असते की हे बाँबच्या पत्र्याचे आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बाँब टाकले, बरेचसे गुपचूप. दरडोई हिशेबाने एवढे बाँब दुसऱ्या कुठल्याच देशावर पडलेले नाहीत. आतून शेकडो लहान बाँब सुटणारे जे होते त्यांतले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. ते शेतात, ओढ्यात अजून पडून आहेत आणि नांगराला लागून माणसे मरतात. गावात या विषयाचे एक लहानसे केंद्र आहे, तास-दीड तास पुरतो. तिथे असा लहान बाँब बघितला : मुठीएवढा गोळा, मुलांना चेंडू वाटावा असा. आणि राजवाड्यात त्याच अमेरिकेने त्याच काळात भेट दिलेले चंद्रावरचे खडे काचेखाली ठेवलेले आहेत. बाजारातून मी एक चमचा घेतला. वजनाला काहीच नाही.

एका दुपारी मेकाँग ओलांडून पलीकडच्या काठाला गेलो. वाहने नेणारी सपाट नाव सारखी ये-जा करते; दुचाक्या, भाजीच्या पाट्या, शाळेची मुले, आणि आम्ही. पलीकडे चोम्फेतच्या बाजूला पर्यटक जवळपास नाहीत. काठाकाठाने पायवाट आहे, झाडीत जुने विहार आहेत. त्यातल्या वाट लोंग खुनमध्ये राज्याभिषेकापूर्वी राजा काही दिवस एकांतात राहायचा. भिंतीवर फिकट झालेली चित्रे, दारात एक झोपलेले कुत्रे. तिथे बसून समोरचे गाव बघितले तेव्हा हे बराच वेळ गाव सोडून पाण्याकडेच बघत होते. मग म्हणाले, ‘‘हे नदीचं पाणी नाही. फुगवट्याचं आहे.’’

मला आधी वाटले, निवृत्तीनंतरचा आजार. पण त्यांनी खडकावरची खूण दाखवली, पाण्यात उभी असलेली झुडपे दाखवली, तरंगत येणारी काटकी किती वेळात पुढे सरकते ते दाखवले. जानेवारी म्हणजे उन्हाळी पातळीकडे झुकलेला महिना. खडक उघडे पडायला हवेत, वाळूचे पट्टे दिसायला हवेत. नंतर खोलीवर येऊन वाचले तर त्यांचा अंदाज बरोबर. खाली साधारण शंभर किलोमीटरवर सायाबुरीचे धरण आहे, १,२८५ मेगावॅटचे, ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालेले. मेकाँगच्या खालच्या खोऱ्यात मुख्य प्रवाहावर झालेले ते पहिले धरण. वीज जवळपास सगळी थायलंडला जाते. आणि त्याचा फुगवटा थेट लुआंग प्रबांगपर्यंत पोहोचतो.

हे आमच्या ओळखीचे दुखणे. तेलंगणातल्या पोचमपाडला श्रीरामसागर धरण आहे, १९६३ मध्ये नेहरूंनी पायाभरणी केलेले. त्याचा फुगवटा गोदावरीतून वर बासर ओलांडून आमच्या तालुक्यापर्यंत येतो. धर्माबादहून निजामाबादकडे जाताना बासरच्या रेल्वेपुलावरून लोक नाणी टाकतात ती वाहत्या गोदावरीत की धरणात, हे महिन्यावर अवलंबून असते. आम्ही महाराष्ट्राच्या बाजूला, त्याच नदीवर बाभळीला बंधारा बांधला, पावणेतीन टीएमसीचा (म्हणजे पावणेतीन अब्ज घनफुटांचा), तर खालच्या आंध्र प्रदेशाशी वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० साली आंध्रचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू बाभळी बघायला निघाले, त्यांना अटक होऊन धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवले, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांवर आमच्या गावाचे नाव झळकले. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला : बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. म्हणजे पाऊस असतो तेव्हा अडवायचे नाही आणि अडवता येते तेव्हा नदीत पाणी उरलेले नसते. परतीचा पाऊस चांगला झाला तर आमचे नशीब.

नाम खानवर दरवर्षी पावसाळा संपला की बांबूचा पूल बांधतात. खाली बांबूच्या कैच्या, वर चटई, चालताना करकरतो, थोडा हलतोही. पैसे घेतात, पण सगळे काम हाताने केलेले बघितल्यावर द्यायला जिवावर येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी चढायला लागले की पूल काढून घेतात. कधी काढायचा हे नदी ठरवते, तारीख ठरवत नाही. ह्यांनी पुलाच्या मधोमध उभे राहून हे मला समजावून सांगितले, आणि मागून येणाऱ्या दोन फ्रेंच पोरींना थांबावे लागले.

सगळ्यात चांगला दिवस नावेचा. लांबट, कमी रुंदीची लाकडी नाव, नावाडी पुढे बसलेला, त्याचे कुटुंब मागच्या भागात राहणारे. तिथे चूल, कपड्यांची दोरी, कुंडीत पुदिना. प्रवाहाच्या उलट दीड-दोन तास वर गेले की पाक ऊ येते. तिथे ऊ नदी मेकाँगला मिळते आणि समोरच्या चुनखडीच्या उभ्या कड्यात दोन गुहा आहेत. आत बुद्धाच्या हजारो मूर्ती. मोठ्या कमी; बोटाएवढ्या, वीतभर अशा पुष्कळ. घरात, विहारात भंगलेली किंवा जुनी झालेली मूर्ती लोक इथे आणून ठेवत आले आहेत. नव्या वर्षाला राजा स्वतः नावेने इथे यायचा. खालच्या गुहेत उजेड पोहोचतो. वरच्या गुहेत टॉर्च लागते. टॉर्चच्या झोतात एकेक चेहरा येतो, नाक झिजलेले, सोन्याचा वर्ख निघालेला, आणि झोत पुढे गेला की पुन्हा अंधारात जातो. ही जागा मला शियेंग थोंगपेक्षाही आवडली. देऊळ कारागिरांनी केले. हे ठिकाण सामान्य माणसांनी एकेक मूर्ती आणून भरले.

आणि याच्या अगदी वरच्या अंगाला दुसरे धरण उभे राहते आहे. लुआंग प्रबांग गावापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, १,४६० मेगावॅटचे. नदीवर यंत्रे, माती वाहणारे ट्रक, पाण्याला वेगळाच रंग. २०३० च्या सुमारास ते सुरू करायचे असे ठरले आहे. वारसा म्हणून घोषित झालेल्या गावाच्या इतक्या जवळ हे नको, अशी चिंता युनेस्कोनेही व्यक्त केली आहे. लाओस गरीब देश आहे. डोंगर आणि नद्या याशिवाय विकायला फारसे काही नाही, आणि ‘आग्नेय आशियाची बॅटरी’ व्हायचे हे सरकारचे जाहीर धोरण. त्यांना नावे ठेवायचा अधिकार जायकवाडीपासून पोचमपाडपर्यंत एकाच नदीला जागोजाग बांध घालणाऱ्या आपल्याला नाही. पण खाली फुगवटा आणि वर भिंत म्हटल्यावर मधल्या पट्ट्यात नदी उरते किती? तीन मीटरपर्यंत वाढणारा मेकाँगचा महाकाय कॅटफिश अंडी घालायला वर चढतो, त्याने जायचे कसे? सायाबुरीला माशांसाठी जिने केले आहेत. एवढा मोठा मासा ते जिने चढेल यावर ह्यांचा विश्वास नाही, आणि ह्यांनी आयुष्यात बरेच जिने कागदावर चढताना बघितलेत. कायपेनचे शेवाळ उथळ, वाहत्या पाण्यात येते हे मी मघाशी सांगितलेच. मेकाँग नदी आयोग १९९५ पासून आहे. लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम हे चार देश त्यात बसतात आणि चर्चा करतात. धरण अडवण्याचा अधिकार त्याला नाही. आपल्याकडे निदान न्यायालय आहे, असे तिथे मला पहिल्यांदा वाटले. ह्यांना वाटले नाही.

कुआंग सीचा धबधबा गावापासून तीसेक किलोमीटरवर आहे, निळसर पाण्याचा, टप्प्याटप्प्याने उतरणारा. सुंदर आहे, सकाळी लवकर गेलात तर अधिक सुंदर आहे, याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही. डिसेंबर २०२१ पासून चीनने बांधलेली रेल्वे लुआंग प्रबांगवरून जाते. दोन तासांच्या आसपास व्हिएन्तियान. वेळ असणाऱ्यांनी थायलंडच्या सीमेवरच्या हुआय शायहून दोन दिवसांच्या संथ नावेने यावे, वाटेत पाकबेंगला एक रात्र.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलला डोंगरांत शेतासाठी रान जाळतात, धुराने समोरचा काठ दिसत नाही. स्वेटर न्या, पहाटे लागतो. भिक्षेच्या रांगेत बसायचे तर शिजवलेला भात मिळवून बसा, नाहीतर रस्त्याच्या पलीकडून बघा. आणि पाक ऊला रस्त्यानेही जाता येते, वेळही कमी लागतो, पण नावेनेच जा. आणि धरण पुरे होण्याच्या आत जा.